फॉर्म एकची गंगा झाली

आमच्या आत्याने माझ्या प्रोग्रॅमचं बारसं केलं, त्या सकाळपर्यंत तो ठणठणीत होता.

प्रोग्रॅम कॉम्प्युटरचा होता, आणि आत्या म्हणजे कुमुदआत्या, माझ्या वडिलांची बहीण. ती डोंबिवलीला पूर्वेला राहायची आणि घरातूनच वधू-वर सूचक मंडळ चालवायची. मंडळ म्हणजे ती, तिचे यजमान तात्या आणि बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे. एका डब्यात मुलांची कार्डं, दुसऱ्यात मुलींची. हे दोन डबे ती कपाटात शेजारी-शेजारी ठेवत नसे. "पत्रिका बघायच्या आधी शेजारी कशाला?" असं तिचं म्हणणं. (ती हे गंमत म्हणून म्हणते की मनापासून, हे तात्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.)

नव्वदीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी ठाण्याला राहायचो आणि वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचो. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याच्यापासून दोन हात लांब राहिले आणि मी पुढे गेलो, एवढ्या भांडवलावर मी तिथला कॉम्प्युटरतज्ज्ञ झालो. पुस्तकात बघून बघून मी एक डेटाबेस केलेला. कुठल्या बोल्टाला कुठला नट बसतो, हे तो चुटकीसरशी शोधून द्यायचा. साहेब खूश झाले आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं.

एका रविवारी आत्याकडे जेवायला गेलेलो. ती दोन डबे पुढ्यात घेऊन एका मुलीसाठी स्थळ शोधत बसलेली. उंची बघायची, शिक्षण बघायचं, गोत्र बघायचं, मग डोक्याला हात लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"आत्या, हे काम कॉम्प्युटर एका मिनिटात करेल," मी म्हटलं.

"त्याला काय कळतंय लग्नातलं?"

"मी सांगितलं की कळेल."

नट-बोल्टांचाच प्रोग्रॅम मी घरच्या नव्या कॉम्प्युटरवर आणला आणि त्यात फेरफार केले. बोल्टाच्या जागी वर, नटाच्या जागी वधू. व्यासाच्या जागी उंची, धातूच्या जागी शिक्षण. हे मी आत्याला कधीही सांगितलं नाही. माझ्या बायकोला सांगितलं तेव्हा तिने मला विचारलं, "आणि आपल्या दोघांत तू कोण?" मी विषय बदलला.

बायकोची ओळख इथेच करून देतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच येणार आहे. तिचं माहेरचं नाव मेधा. लग्नात मी ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, शर्वरी. महिनाभर विचार करून काढलेलं नाव. मेधाने ते वाचलं, गोड हसली आणि त्यानंतर त्या नावाला एकदाही पटकन ओ दिली नाही. "शर्वरी!" म्हणून मी स्वयंपाकघराकडे तोंड करून तीनदा ओरडायचो. चौथ्यांदा "मेधा!" म्हटलं की आतून लगेच "काय रे?" यायचं. हट्ट नव्हता तिचा, तिच्या कानाला ते नाव ऐकूच येत नसे.

तर डब्यांतली सगळी कार्डं टाइप करून झाली आणि प्रोग्रॅम तयार झाला. त्यात सात फॉर्म होते. फॉर्म म्हणजे पडद्यावर उघडणारे चौकटींचे तक्ते: एकात नाव नोंदवायचं, एकात मुलगी शोधायची, एकात मुलगा, असे. मी त्यांना नावं दिलेली फॉर्म १, फॉर्म २, फॉर्म ३. आणि बटणांच्या मागे मॅक्रो लिहिलेले. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला आधीच देऊन ठेवलेला हुकूम. "हे बटण दाबलं की फॉर्म २ उघड, त्यातली उंची घे, फॉर्म ४ मध्ये नेऊन टाक." हुकमाप्रमाणे सगळं बिनबोभाट चालायचं.

आत्या इतकी हरखली की तिने थेट मेळावाच जाहीर केला. दसऱ्याच्या दिवशी, तिच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. इतकी वर्षं लोक तिच्याकडे एकेकटे, जरा दबकत यायचे. आता सगळे एकदम येणार, आत्या सगळ्यांसमोर बसणार आणि कॉम्प्युटर स्थळं काढून देणार. कल्याणपासून खडवलीपर्यंत निरोप गेले. "विनू, माझी सगळी अब्रू तुझ्या त्या पेटीत आहे हो," ती मला म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, तू निर्धास्त राहा." हे वाक्य मी आयुष्यात ज्यांना ज्यांना म्हटलंय, त्यांची मी इथे क्षमा मागतो.

दसऱ्याला सकाळी मी आणि मेधा आत्याकडे पोचलो तेव्हा घरात नुसती धामधूम चाललेली. कॉम्प्युटर मी आदल्या रविवारीच तिच्याकडे आणून ठेवलेला. त्याला झेंडूची माळ घातली होती, कीबोर्डावर हळदकुंकू वाहिलेलं. (एंटरच्या बटणावर कुंकू जरा जास्तच पडलं होतं. पुढे कित्येक महिने आत्या त्याला "लाल बटण" म्हणायची.) देव्हाऱ्यातले घट उठले होते, आणि तात्या निर्माल्याची पिशवी घेऊन मोठागावच्या खाडीवर निघाले होते. पिशवी नेहमीपेक्षा चांगलीच फुगलेली दिसली.

"तात्या, एवढं निर्माल्य?"

"कार्डं आहेत त्यात," तात्या शांतपणे म्हणाले. "सगळी. हिने सांगितलं, विसर्जन करा."

"अगं आत्या, कार्डं खाडीत?"

"मग काय रद्दीत देऊ? पत्रिका आहेत त्यांच्यावर. उद्या भेळवाल्याच्या पुडीवर कुणाच्या लेकीची रास निघाली म्हणजे? आणि आता सगळं तुझ्या कॉम्प्युटरात आहे ना?"

"आहे की."

"झालं तर मग."

तात्या स्कूटरला किक मारून गेले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, माझी छाती फुगली. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

आत्या कॉम्प्युटरसमोर पाटावर बसावं तशी खुर्चीत मांडी घालून बसली. मी तिला प्रोग्रॅमचं पोट उघडून दाखवलं. दाखवायची गरज नव्हती, पण मला दाखवायचं होतं. पडद्यावर ओळीने नावं आली.

"फॉर्म एक, फॉर्म दोन, फॉर्म तीन," आत्याने चष्मा वर करून वाचलं. "ही कसली नावं? तुरुंगातल्या कैद्यांसारखी?"

"नुसत्या खुणा आहेत गं."

"खुणा कसल्या? लग्नं जुळवणार ना हे? मग शुभ नावं नकोत? कुणी ठेवली ही?"

"मीच."

"तू?" आत्या ताठ झाली. "नाव ठेवायचा मान कुणाचा असतो?"

भावाला मूल झालं की त्याचं नाव आत्याने ठेवायचं, हे आमच्याकडे घटनेत लिहिल्यासारखं पक्कं आहे. प्रोग्रॅम माझं अपत्य, म्हणून मान तिचा. (प्रोग्रॅमच्या हिशेबात ती आतेआजी लागते, हे मी बोललो नाही.) मलाही काय ते अवघड वाटलं नाही. नावावर जायचं, बटण दाबायचं, नवं नाव टाइप करायचं. उलट मी उत्साहाने म्हटलं, "बोल, काय ठेवायची?"

"सात आहेत ना? सात नद्या. कलशात आवाहन करतो त्या."

मी टाइप करत गेलो. फॉर्म एकची गंगा झाली. दोनची यमुना. मग गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि शेवटी कावेरी. पडद्यावर सात नद्या एकाखाली एक दिसायला लागल्या आणि आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता याचा कान कुठला?" तिने डोळे पुसत विचारलं.

"कान?"

"बारसं आहे विनू. कानात सांगायला नको?"

मी जरा विचार करून फ्लॉपी घालायच्या फटीकडे बोट दाखवलं. आत्या वाकली, फटीला तोंड लावून तिने "कुर्र" केलं आणि सातही नावं सांगितली. आत्या कानात नाव सांगत असताना तिच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे, आणि घरात बाई म्हणून मेधाच होती. तिने ते काम मन लावून केलं. "अगं हळू," आत्या म्हणाली. "रीत आहे ना आत्या," मेधा म्हणाली.

त्यानंतर मी एकही बटण दाबून न बघता कॉम्प्युटर बंद केला. घरात पेढे वाटले जात होते.

हॉल अकराच्या आत भरला. आयांच्या जरीच्या साड्या, मुलींचे खाली घातलेले डोळे, इस्त्रीच्या शर्टात घाम पुसणारी मुलं, सगळं जिथल्या तिथे. आत्या मधल्या टेबलामागे, टेबलावर खाली आणलेला कॉम्प्युटर, शेजारी मी, मागे मेधा पाण्याचे ग्लास भरत. सगळ्यात पुढच्या रांगेत खडवलीचे नाना बसलेले. पांढरा सदरा, टोपी, एका हाताला लेक सुजाता, दुसऱ्या हाताला मुलगा दिलीप. दोघांचीही नावं त्यांनी आत्याकडे नोंदवलेली.

"ताई, आमचं आधी बघा," नाना म्हणाले. "दुपारच्या गाडीने माघारी जायचंय. म्हशींचं दूध काढायला घरी कुणी नाही."

"बघते की. विनू, सुजातासाठी मुलगा काढ."

मी सगळ्यांकडे एक नजर टाकली, मान वाकडी केली आणि "वर शोधा" हे बटण दाबलं.

ठण्ण!

पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. मॅक्रोचं नाव, त्याखाली "फॉर्म ३ उघड" हा हुकूम, आणि असा फॉर्म अस्तित्वात नाही, अशी इंग्रजीत तक्रार. खाली दाबता येण्यासारखं एकच बटण: थांबा.

मी थांबलो. पुन्हा दाबलं. ठण्ण! "वधू शोधा" दाबलं. ठण्ण! "नाव नोंदवा" दाबलं. ठण्ण! देवळातल्या आरतीसारखं चाललं होतं. मागच्या रांगेतलं एक लहान मूल टाळ्या वाजवायला लागलं.

"काय म्हणतोय?" आत्याने ओठ न हलवता विचारलं.

"फॉर्म तीन सापडत नाही म्हणतो."

"सापडेल कसा? त्याची गोदावरी झाली ना? सांग त्याला."

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी फॉर्मांची नावं बदलली होती, पण मॅक्रोंना ते कुणी सांगितलंच नव्हतं. ते बिचारे जुन्याच नावांनी हाका मारत होते, आणि त्या नावांचं घरात आता कुणी राहत नव्हतं.

उपाय सोपा होता. मी आत्याच्या कानाला लागलो. "आत्या, पाच मिनिटं दे. सगळ्यांची जुनी नावं परत ठेवतो. गोदावरीचा पुन्हा फॉर्म तीन. मग चालेल."

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्ची मागे सरकवली.

"दसऱ्याच्या मुहूर्तावर, कानात सांगून ठेवलेलं नाव परत घ्यायचं? मी ठेवलेलं? बारसं झालेल्या पोराचं नाव कुणी परत घेतं का विनू?"

"अगं, पण ही पोरं नाहीत."

"सकाळी पोरं होती. पेढा खाल्लास तू."

ते खरं होतं. दोन खाल्लेले.

मग एकच मार्ग राहिला: प्रत्येक मॅक्रो उघडायचा आणि त्यातली जुनी नावं काढून नवी घालायची. मॅक्रो किती होते ते मला आठवेना, कारण आठवण्याइतके कमी नव्हते. मी भराभर उघडत सुटलो. फॉर्म ३ दिसला की गोदावरी, फॉर्म ४ दिसला की सरस्वती. घाम कीबोर्डावर टपकत होता आणि कुंकू बोटांना लागत होतं. मधेच चष्मा सावरला, तर कपाळालाही लागलं. समोरच्या बायका आपसात कुजबुजल्या, "मुहूर्ताचं काहीतरी चाललंय वाटतं."

"झालं," मी म्हटलं आणि बटण दाबलं. या वेळी ठण्ण झालं नाही. गोदावरी उघडली! मी सुजाताचं नाव घातलं, "जुळवा" दाबलं, आणि नवीनच एक चौकट आली. तिच्यात लिहिलेलं, "फॉर्म ३ मधलं आडनाव?" आणि पुढे रिकामी जागा.

हे काय, ते मला नंतर कळलं. स्थळं गाळायची जी चाळणी मी लिहिली होती, तीही जुन्याच नावाने विचारत होती: फॉर्म ३ मध्ये मुलीचं आडनाव काय, तेच आडनाव असलेला मुलगा वगळ. फॉर्म ३ सापडेना, म्हणून ती आता मलाच विचारत होती. ती चौकट मिटवली की दुसरी यायची, "फॉर्म ३ मधलं गोत्र?" ती मिटवली की पुन्हा पहिली.

"आता काय विचारतोय?" आत्या.

"गोत्र."

"आपल्याला सांगायचं सोडून तो आपल्यालाच विचारतोय?"

नानांनी घड्याळ बघितलं. दिलीपने जांभई दिली. मागून कुणीतरी म्हणालं, "कार्डंच बरी होती बुवा." आत्याने दाराकडे बघितलं. खाडीवरून परतलेले तात्या दारातच उभे होते. त्यांनी रिकामी पिशवी उलटी करून दाखवली. "भरती होती," ते म्हणाले. "लांब गेली."

आत्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं लोकांच्या घरात अक्षता पडाव्यात म्हणून उन्हातान्हात फिरलेली बाई, आणि तिच्या मोठ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून चौकटी मिटवत होतो. मला रडू यायचं बाकी राहिलं.

माणूस घाबरला की त्याला शॉर्टकट सुचतो. ती चाळणीच्या अटींची ओळ सारखी प्रश्न विचारतेय ना? मी ती ओळच पुसून टाकली. प्रश्न बंद. चौकट बंद. कॉम्प्युटर क्षणभर गुरगुरला आणि पडद्यावर सुजातासाठी सगळ्यात जुळणारं स्थळ झळकलं.

"आलं!" मी खुर्चीतून उठलोच. सगळा हॉल पुढे झुकला. मी मोठ्या आवाजात वाचायला लागलो. "उंची जुळते! शिक्षण जुळतं! गाव, खडवली! म्हणजे लांब जायलाच नको. घरची शेती, म्हशी, सगळं मनासारखं. मुलाचं नाव, दिलीप..."

पुढचं आडनाव मी वाचलं ते पाऊण आवाजात. वडिलांचं नाव वाचलंच नाही.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर तिचंही ठण्ण झालं असतं.

"हा तर माझा भाऊ," सुजाता म्हणाली. तेवढ्यात आलेलं तिचं हसू तिने पदरात कोंबलं.

"अहो ताई," नाना सावकाश उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. "आम्ही खेड्यातली माणसं. शिकलेल्या माणसांत हे चालतं का?"

दिलीप तोवर पुढच्या रांगेतून उठून पार दारापर्यंत गेला होता. आत्याने डोक्याला हात लावला. आणि मी, सगळ्या हॉलदेखत, पोहता न येणाऱ्या माणसासारखा ओरडलो, "मेधाऽऽ!"

"ही मेधा कोण?" मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं. "शर्वरी म्हणाले होते ना मघाशी?"

मेधाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली. चारचौघांत ती मला "अहो" म्हणायची. त्या दिवशी नाही म्हणाली.

"अरे विनय, तुझ्या प्रोग्रॅमला काही झालेलं नाही. तो मी झालाय."

"म्हणजे?"

"तू माझं नाव तांदळात लिहिलंस आणि जेवायला बसलास. पुढे बँकेत कुणी सांगितलं? मी. रेशनच्या ऑफिसात? मी. माझ्या शाळेत, विम्याला, पोस्टात? नाव बदलणं म्हणजे एकदा लिहिणं नसतं. जो जो जुन्या नावाने हाक मारतो, त्याच्या दारात जाऊन सांगावं लागतं. मी वर्षभर तेच करतेय."

"आणि तुझ्या आईला?"

"तिला अजून सांगतेय."

डेटाबेसची इतकी सरळ शिकवणी मला कुठल्या पुस्तकाने दिली नव्हती.

"आता घाई करू नकोस," ती म्हणाली. "आधी तू पुसलेली ती अट परत लिही. मग एकेक फॉर्म घेऊया. गंगेला कोण कोण हाका मारतं?"

असं आमचं काम सुरू झालं. ती एकेक नदी घ्यायची आणि मी तिला हाक मारणारे शोधायचो. मॅक्रो तर होतेच, पण चाळण्या निघाल्या, बटणं निघाली, एका फॉर्मच्या पोटात दुसरा फॉर्म बसलेला निघाला. "यमुनेला?" "वधू शोधा. आणि उंचीची चाळणी." "दोघांना सांग. गोदावरीला?" मी लिहायचो आणि मेधा लगेच बटण दाबून बघायची. समोरच्या बायकांनाही आता त्यात रस वाटायला लागला. एक आजी तर नदी संपली की हात जोडायच्या. आत्याने मधल्या वेळात सगळ्यांना आपट्याची पानं वाटली आणि तात्यांनी चहा फिरवला. मेळावा आता उठतो की काय असं वाटलेलं, तो उलट रंगात आला.

नाना घड्याळ बघून चुळबुळत होते. मेधाने शेवटची अट तपासली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"दाब."

"तूच दाब."

"प्रोग्रॅम तुझा आहे."

मी लाल बटण दाबलं. कॉम्प्युटर गुरगुरला. मी डोळे मिटले. ठण्ण आलं नाही. डोळे उघडले तर पडद्यावर आंबिवलीचा महेश. उंची जुळलेली, शिक्षण जुळलेलं, आडनाव वेगळं, गोत्र वेगळं. मी वडिलांचं नाव दोनदा वाचलं. तेही वेगळं.

"आंबिवलीचा महेश आहे का इथे?" आत्याने विचारलं. तिच्या आवाजात पुन्हा आत्या आली होती.

चौथ्या रांगेतला एक उंच मुलगा आईने कोपराने ढोसल्यामुळे उभा राहिला. सुजाताने त्याच्याकडे बघितलं आणि डोळे खाली घेतले. पण लगेच नाही घेतले, हे आत्याने टिपलं. तिला तेवढं पुरे होतं. मी माहितीचा कागद काढायला "छापा" बटण दाबलं.

ठण्ण!

मी मेधाकडे बघितलं. पण आत्याने चष्मा सारखा करून पडद्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "कावेरी राहिली असेल. तिला हाक मारणाऱ्याला कुणी सांगितलं नसेल. सांग त्याला."

सांगितलं. कागद निघाला. नानांची गाडी चुकली, पण महेशच्या आईशी बोलता बोलता ते पुढच्या गाडीचंही विसरले. म्हशींचं दूध शेजाऱ्यांनी काढलं असेल. त्या दिवशी आत्याच्या टेबलाभोवती संध्याकाळपर्यंत माणसं होती, आणि घरी जाताना प्रत्येकाने तिच्या हातात सोनं ठेवून तिला वाकून नमस्कार केला. माझी नजर चुकवून दोनदा डोळे पुसताना मी तिला बघितलं.

सुजाता-महेशचं लग्न खडवलीला झालं. आम्ही सगळे गेलेलो. आत्या पुढच्या पाटावर, मानाची. नाव बदलायची वेळ आली. तांदळाचं ताट पुढे आलं. महेशने अंगठी काढून हातात घेतली, त्याने काहीतरी सुंदर नाव ठरवलेलं असणार, तोंडावरच दिसत होतं.

"थांबा," आत्या म्हणाली.

गुरुजीही थांबले.

"सुजाता चांगलं नाव आहे. तेच लिहा. एक नाव बदललं की किती जणांच्या दारात जावं लागतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि दरवेळी बिचारी तिलाच जावं लागतं."

महेशने क्षणभर सुजाताकडे बघितलं आणि ताटात सुजाताच लिहिलं. मेधाने माझा दंड इतक्या जोरात धरला की मला वाटलं, माझंही बारसं करते की काय. मला फार भरून आलं, आणि थोडी लाजही वाटली.

परत येताना मी तिला म्हटलं, "आपणही सगळीकडे परत मेधा करूया. मी येतो बरोबर. रांगेत मी उभा राहीन."

"नको रे बाबा," ती म्हणाली. "आता कुठे एकूण एकाला सांगून झालंय. परत बदललं तर सगळीकडे ठण्ण ठण्ण होईल. कागदावर राहू दे तुझी ती शर्वरी. हाक मात्र नीट मारत जा."

तेव्हापासून मी नीट हाक मारतो आणि पहिल्या हाकेला ओ मिळते.

नाव बदललं ते माझंच. त्या लग्नात नानांनी मला मांडवभर फिरवलं आणि प्रत्येक पाहुण्याला माझी एकच ओळख करून दिली, "हे आपले बहीण-भाऊवाले." मी विनय आहे, असं मी सांगत होतो, पण कुणी ऐकत नव्हतं. माझं हे नाव कुणी तांदळात लिहिलं नाही, कुणी कानात कुर्र केलं नाही, कुणाच्या दारात जाऊन कुणी सांगितलं नाही. तरी खडवलीपासून आंबिवलीपर्यंत ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी बसलंय, आणि आजवर एकाही ठिकाणी ठण्ण झालेलं नाही.